खोली सुटते, पण नुकसानभरपाईची नोटीस मागे राहते

भुसावळ, मनमाड, कल्याणच्या रेल्वे वसाहती. खडकी, अंबरनाथ, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या इस्टेटी. मुंबई बंदराच्या जमिनीवरच्या चाळी. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबे अशा सरकारी छपराखाली वाढली. नोकरी वडिलांची, क्वार्टर वडिलांच्या नावावर, आणि त्याच दोन खोल्यांत मुलांची शिक्षणे, लग्ने, नातवंडे. वडील निवृत्त होतात किंवा अचानक जातात. मुलीची बारावी असते, गावाकडचे घर पडके असते, शहरातले भाडे परवडत नाही. म्हणून क्वार्टर लगेच सोडले जात नाही. मग एक दिवस नोटीस येते आणि वस्तीतला कार्यकर्ता कागद घेऊन वकिलाकडे धावतो.

त्या कागदांत बहुतेक वेळा दोन नोटिसा असतात. एक म्हणते, जागा खाली करा. दुसरी म्हणते, इतकी रक्कम भरा. सगळ्यांचा जीव पहिलीत अडकलेला असतो. दुसरीला उत्तरच दिले जात नाही, कारण "आधी घर वाचू दे, पैशांचं नंतर बघू" असे घरातले वडीलधारे म्हणतात. घर बहुधा वाचत नाही, आणि पैशांचा आदेश तोवर एकतर्फी होऊन गेलेला असतो. दोन-तीन वर्षांनी तलाठी किंवा तहसील कार्यालयाचा माणूस गावाकडच्या शेताचा उतारा शोधत येतो, तेव्हा दुसऱ्या नोटिशीची आठवण होते. या लेखात बोलायचे आहे ते या दुसऱ्या नोटिशीबद्दल.

केंद्र सरकारच्या जागांसाठीचा कायदा १९७१ चा आहे : सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांचे निष्कासन) अधिनियम. केंद्र सरकारच्या इमारती आणि जमिनी, रेल्वे, संरक्षण खाते, मोठी बंदरे, केंद्राचे ५१ टक्के किंवा त्याहून जास्त भांडवल असलेल्या कंपन्या, एलआयसी, राष्ट्रीयीकृत बँका यांच्या जागा त्याखाली येतात. 'अनधिकृत' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर झोपडी उभी राहते, पण कायद्यातली व्याख्या त्याहून रुंद आहे. परवानगीशिवाय राहणारा अनधिकृत आहेच. पण परवानगीने राहायला आलेला आणि परवानगी संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर थांबलेलाही अनधिकृतच. तीस वर्षे इमानेइतबारे भाडे पगारातून कापून दिलेला कामगार निवृत्तीनंतरची मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून या व्याख्येत बसतो. त्यात चोरीचा आरोप नसतो. ती कायद्याने ठरवलेली स्थिती आहे, आणि पैशांचा मीटर त्या दिवसापासून सुरू होतो.

या कायद्याचा कारभार इस्टेट ऑफिसर चालवतो. हा अधिकारी बहुतेक वेळा त्याच खात्याचा असतो. रेल्वेच्या जागेचा इस्टेट ऑफिसर रेल्वेचाच, बँकेच्या जागेचा बँकेचाच. ज्याची जागा त्याचाच माणूस निकाल देणार, हे कोणालाही खटकेल, आणि मला तरी ते आजही पटत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये क्रॉफर्ड बेली प्रकरणात ही व्यवस्था वैध ठरवली आहे. त्यामुळे "हा अधिकारी पक्षपाती आहे" एवढ्या एका मुद्द्यावर फार दूर जाता येत नाही. त्याऐवजी त्याच्यापुढे पुरावा मांडणे आणि तो नोंदवून घ्यायला लावणे कामाचे असते. हेही लक्षात ठेवा की या विषयांवर दिवाणी न्यायालयात दावा लावता येत नाही. कलम १५ ने ती वाट बंद केली आहे. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षणही इथे मिळत नाही. १९९० च्या अशोका मार्केटिंग निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो वाद मिटवला. मनाई हुकूम मिळेल या आशेने दिवाणी कोर्टात घालवलेले महिने बहुतेक वेळा वाया जातात, आणि तेवढ्या काळात अपिलाची मुदत उलटून जाते.

आता पैशांचे कलम. ते आहे कलम ७, आणि त्यात दोन वेगवेगळ्या रकमा आहेत. पहिली भाड्याची थकबाकी, म्हणजे परवानगी चालू असतानाचे न भरलेले भाडे किंवा परवाना शुल्क. दुसरी नुकसानभरपाई, म्हणजे परवानगी संपल्यानंतरच्या काळाची रक्कम. नोटिशीत कधी कधी दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. पहिले काम म्हणजे ती वेगळी करून मागणे : कोणत्या तारखेपर्यंत भाडे, कोणत्या तारखेपासून नुकसानभरपाई, दर काय, क्षेत्रफळ किती धरले. परवानगी नेमकी कधी संपली यावर सगळा हिशेब उभा असतो. खात्याने निवृत्तीनंतर काही महिने मुदतवाढ लेखी दिली असेल, तर त्या महिन्यांना नुकसानभरपाईचा दर लागत नाही. ती चिठ्ठी घरात कुठेतरी ट्रंकेत पडलेली असते. ती शोधा.

नुकसानभरपाई आणि भाडे यांत फरक किती पडतो हे एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, क्वार्टरचे परवाना शुल्क महिना ३७० रुपये होते. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट. खात्याने नुकसानभरपाईचा दर चौरस फुटाला महिना ६० रुपये धरला. म्हणजे महिन्याचे १८,००० रुपये. तीन वर्षे कुटुंब राहिले, तर जुन्या दराने १३,३२० रुपये झाले असते, नव्या दराने ६,४८,००० रुपये होतात. त्यावर व्याज. २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत हे व्याज सरळ होते, आता चक्रवाढ आहे. अर्थात व्याज लावायचेच असे बंधन अधिकाऱ्यावर नाही, तो लावू शकतो. म्हणून व्याज का लावू नये याबद्दलही उत्तरात दोन ओळी लिहायला हव्यात, आणि त्या सहसा कोणी लिहीत नाही.

हा दर येतो कुठून? इथे बहुतेक लोक हात टेकतात, कारण नोटिशीतला आकडा छापील असतो आणि छापील आकडा खरा वाटतो. पण नियमांनी अधिकाऱ्याला काही गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. जागा कशासाठी आणि किती काळ वापरली. जागेचा प्रकार, आकार आणि दर्जा काय. तीच जागा त्या काळात खासगी माणसाला भाड्याने दिली असती तर किती भाडे आले असते. ताब्याच्या काळात जागेची काही मोडतोड झाली का. आणि इतर संबंधित बाबी. म्हणजे नुकसानभरपाई हा दंड नाही, अधिकाऱ्याच्या रागाचे मोजमापही नाही. ते जागेच्या मूल्याचे मोजमाप आहे. पावसाळ्यात छत गळणारी, सामाईक संडास असलेली, दुरुस्तीला खात्याने दहा वर्षे हात न लावलेली खोली आणि शेजारच्या नव्या टॉवरमधला फ्लॅट यांचे भाडे एकच धरता येत नाही. पण हे कोणी सांगितलेच नाही, फोटो जोडले नाहीत, दुरुस्तीसाठी केलेल्या जुन्या तक्रार अर्जांच्या पोच दाखवल्या नाहीत, तर अधिकारी खात्याने दिलेला दर उचलतो आणि गुणाकार करतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध नस्ली वाडिया या मुंबईच्या प्रकरणात एक मुद्दा स्पष्ट केला आहे. जागेच्या मालक संस्थेलाही आपली बाजू पुराव्याने मांडावी लागते. नुसती नोटीस पाठवून सगळे ओझे राहणाऱ्यावर टाकता येत नाही, सुनावणी न्याय्य असली पाहिजे. हा लढा एका बड्या उद्योगपतीने दिला, पण त्याचा फायदा क्वार्टरमधल्या विधवेलाही तितकाच आहे. सुनावणीत विचारा : हा दर कोणत्या कागदावरून? त्या परिसरातले भाडेकरार जोडले आहेत का? मोजमाप कोणी केले? साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या. कलम ८ खाली इस्टेट ऑफिसरला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते त्याने वापरावेत असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पुढे अपिलात हाच अर्ज बोलतो.

जुन्या थकबाकीबद्दल आणखी एक जुना पण उपयोगी निकाल आहे. न्यू दिल्ली म्युनिसिपल कमिटी विरुद्ध कालूराम, १९७६. वसुलीची कायदेशीर मुदत उलटून गेलेले भाडे इस्टेट ऑफिसरला या झटपट मार्गाने वसूल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. खाते पंधरा-वीस वर्षे झोपलेले असते आणि मग एकदम वीस वर्षांचे भाडे मागते, अशा वेळी हा मुद्दा पहिल्याच उत्तरात घ्यायचा. नंतर सुचून उपयोग होत नाही.

मुदतींचे गणित मात्र निर्दय आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पैशांच्या नोटिशीला उत्तर द्यायला सात दिवस मिळतात, तेही नोटीस काढल्याच्या तारखेपासून. टपालात तीन दिवस गेले तर उरले चार. म्हणून पहिल्या दिवशी निदान एक पानी अर्ज द्यावा : कागदपत्रांच्या नकला द्या, हिशेबाचा तपशील द्या, सविस्तर म्हणणे मांडायला वेळ द्या. आदेश झाला, तर तो कळवल्यापासून बारा दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. बारा दिवस म्हणजे खरेच बारा दिवस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण "वकील गावाला गेले होते" हे सबळ कारण सहसा धरले जात नाही. जागा खाली करण्याच्या आदेशावरचे अपील आणि पैशांच्या आदेशावरचे अपील वेगवेगळे असते. एकाचे केले म्हणजे दुसऱ्याचे झाले असे नाही. दोन आदेश, दोन अपिले. आणि भरणे अटळ असेल, तर हप्ते मागा. आदेशात हप्ते ठरवून देण्याची तरतूद कायद्यातच आहे, ती मेहेरबानी नव्हे.

रक्कम भरली नाही तर काय? इस्टेट ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शहरातल्या क्वार्टरची वसुली गावाकडच्या दीड एकरापर्यंत पोहोचते ती याच रस्त्याने. महसूल संहितेत जप्ती आणि लिलावापासून थकबाकीदाराच्या अटकेपर्यंतचे मार्ग आहेत. क्वार्टर सोडले म्हणजे संपले असेही नाही. नुकसानभरपाई आज राहणाऱ्याकडून मागता येते तशी पूर्वी कधी राहून गेलेल्याकडूनही मागता येते.

वारसांनी एक गोष्ट नीट वाचावी. ज्याच्या नावावर आदेश व्हायचा तो माणूस वारला, तर कारवाई वारसांवर चालू राहू शकते. पण कलम १३ प्रमाणे वारसांची जबाबदारी मृताची जेवढी मालमत्ता त्यांच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच असते. मुलाच्या स्वतःच्या पगारातून वडिलांच्या काळातली नुकसानभरपाई मागितली जात असेल, तर हे कलम दाखवायचे. मात्र वडील गेल्यानंतरही मुलगा स्वतः त्या खोलीत राहिला असेल, तर त्या काळापुरता तो वारस नसून स्वतःच भोगवटादार आहे, आणि तिथे ही ढाल चालत नाही. म्हणून मृत्यूच्या तारखेवर हिशेबाचे दोन तुकडे करून घ्यावेत.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न नेहमी येतो. "ग्रॅच्युइटीला कोणी हात लावू शकत नाही" असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. तेवढ्यावर विसंबू नका. २००५ च्या ओएनजीसी विरुद्ध वॉरियर निकालात क्वार्टर न सोडलेल्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या ग्रॅच्युइटीतून दंडात्मक भाडे वळते करणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. २०२० मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणातही न्यायालयाचा सूर तोच होता. निवृत्तीला सहा महिने उरले असतानाच राहण्याची सोय बघणे याला म्हणूनच पर्याय नाही, आणि युनियनच्या कार्यकर्त्यांनी हे निवृत्तीच्या समारंभाआधी सांगावे, नंतर नव्हे.

२०१९ च्या दुरुस्तीने क्वार्टरच्या बाबतीत आणखी कडक केले. निवासी जागेसाठी तीन कामकाजी दिवसांची नोटीस, आणि जागा खाली करण्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान दिले तर खटला चालेल तितक्या प्रत्येक महिन्याची नुकसानभरपाई भरायची. तारखा घेत वेळ काढण्याची जुनी पद्धत आता फुकटची राहिलेली नाही. हा बदल दिल्लीतल्या बंगल्यांना चिकटून बसणाऱ्या बड्यांना आवरण्यासाठी केला असे सांगितले गेले. बड्यांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये माजी मुख्यमंत्र्यांना सरकारी बंगल्यांचे बाजारभावाने भाडे भरायला सांगितले. राज्य सरकारने आधी अध्यादेश आणि मग कायदाच करून त्यांना सूट दिली. जून २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या माजी मुख्यमंत्र्यांपैकी भगतसिंह कोश्यारी तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल होते. क्वार्टरमधल्या खलाशासाठी किंवा गँगमनसाठी कोणत्याही विधिमंडळाने असा अध्यादेश काढल्याचे ऐकिवात नाही.

इथपर्यंत सगळे केंद्राच्या जागांचे झाले. राज्य सरकारच्या इमारतींना १९५५ चा सरकारी जागा निष्कासन कायदा लागतो, म्हाडाच्या गाळ्यांना म्हाडा अधिनियम, मुंबई महापालिकेच्या जागांना महापालिका अधिनियमातील कलम १०५अ पासूनची कलमे, इतर महापालिकांना १९४९ च्या अधिनियमातील कलम ८१अ पासूनची कलमे. सांगाडा सारखाच आहे, पण अधिकारी, अपिलाची जागा आणि मुदत बदलते. म्हणून नोटीस हाती आली की आधी डोक्यावरचा कायदा आणि कलम वाचावे.

महापालिकेच्या जागांचा प्रश्न आपल्या मंडळांना थेट भिडतो. समाजमंदिराचा हॉल, त्यातले वाचनालय, अभ्यासिका, कुठे विहार. जागा महापालिकेची, करार अकरा महिन्यांचा किंवा काही वर्षांचा, तोही मागच्या पिढीतल्या अध्यक्षांच्या सहीचा. नूतनीकरण झालेले नसते. कार्यक्रम चालू असतात, वीजबिल नियमित भरले जाते, आणि सगळ्यांना वाटते की जागा आपलीच आहे. मग एक दिवस बाजारभावाने मागणी येते आणि नोटिशीवर हयात नसलेल्या अध्यक्षांचे नाव असते. इथे नुकसानभरपाईचा पहिला निकष आठवा : जागा कशासाठी वापरली. मोफत अभ्यासिका आणि लग्नाला भाड्याने दिलेला हॉल यांचा हिशेब एकच होऊ नये, हा मुद्दा मांडता येतो. पण त्यासाठी हजेरीची वही, वर्तमानपत्रांची बिले, विद्यार्थ्यांची नोंद लागते. आणि हॉल खरोखरच लग्नांना भाड्याने दिला जात असेल, पावतीपुस्तक कोणाच्या तरी कपाटात असेल, तर हा युक्तिवाद उलटतो. मंडळांनी हे आपापसांत आधी स्वच्छ करून घ्यावे.

गावाकडे मात्र चित्र वेगळे, जवळजवळ उलटे आहे. गायरान, विदर्भात ज्याला ई-क्लास म्हणतात ती जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हजारो लोक तुरुंगात गेले, आणि त्या मागणीच्या मागे पडीक जमीन कसून खाणारी हीच माणसे होती. या जमिनींना महसूल संहितेचे कलम ५० लागते. तिथली रक्कम बाजारभावाच्या भाड्यावर ठरत नाही. आकारणी आणि त्यावर दंड असे तिचे स्वरूप आहे, आणि दंडाला कायद्यानेच कमाल मर्यादा घातली आहे. म्हणून गायरानधारकाला कोणी क्वार्टरसारखी लाखांची मागणी केली, तर आधी विचारा, कोणत्या कलमाखाली?

आणि इथे पावती फेकू नका. तलाठ्याने फाडलेली दंडाची पावती आणि गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद हेच ताबा केव्हापासून आहे याचे पुरावे ठरतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, तेव्हा ज्यांच्याकडे असे कागद होते त्यांची बाजू भक्कम झाली. ज्यांनी दंड चुकवण्यासाठी नोंदच होऊ दिली नाही ते मागे राहिले. २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. गायरानाची नोटीस आली की उत्तरात या दोन्ही गोष्टी असाव्यात.

क्वार्टरच्या बाबतीत पावतीला हे वजन नाही. नुकसानभरपाई भरली म्हणून राहण्याचा हक्क तयार होत नाही. खाते ती स्वीकारताना आपले हक्क राखून स्वीकारते. तरीही भरलेल्या प्रत्येक रुपयाची, कोणत्या महिन्यासाठी भरला ते लिहिलेली पावती घ्या, म्हणजे तोच महिना दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही.

शेवटी किल्ली. मीटर थांबतो तो कुटुंब गेले त्या दिवशी नाही, ताबा परत दिला त्या दिवशी. सामान हलवून, कुलूप लावून, किल्ली शेजारच्या मावशींकडे ठेवून गावाला गेलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांची नुकसानभरपाई रिकाम्या खोलीवर चढत राहते. किल्ली संबंधित कार्यालयातच द्यावी. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घ्यावेत, भिंती-दारांचे फोटो काढावेत, आणि तारीख, सही, शिक्का असलेली ताबा पावती घेतल्याशिवाय तिथून उठू नये. अधिकारी जागेवर नाही म्हणून किल्ली घेत नसतील, तर त्याच दिवशी किल्ली आणि अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा, आणि त्या पोस्टाची पावती घरातल्या बाकी कागदांसोबत जपून ठेवावी.